दुष्परिणामाचं घड्याळ

कॅन्सरवरच्या कीमोचा पहिला दिवस संपतो, हातात गोळ्यांची पिशवी येते आणि निघता निघता एक प्रश्न हमखास विचारला जातो: "मळमळ झाली तरच घ्यायची ना ही गोळी?" विचारणाऱ्याचं चूक नाही. डोकं दुखलं तर डोकेदुखीची गोळी घ्यायची, हीच आपली सवय. पण इथे उत्तर 'नाही' असं आहे. एकदा उलट्या सुरू झाल्या की त्या थांबवायला लागणारं औषध, त्या होऊच नयेत म्हणून लागणाऱ्या औषधापेक्षा जास्त लागतं आणि कमी काम करतं. शिवाय गोळी पोटात टिकतच नाही. वरातीमागून घोडं म्हणतात तसं.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत दुष्परिणामांवर जे संशोधन झालं, त्यातून नवी औषधं मिळालीच. पण माझ्या मते तितकीच मोठी कमाई ही, की कोणतं औषध केव्हा द्यायचं ते कळलं. काही आदल्या दिवशी, काही पाच मिनिटं आधी, काही बरोबर सहा तासांनी, आणि काही चोवीस तासांच्या आत चुकूनही नाही. खाली जे डोस येतील ते अभ्यासांत वापरलेले किंवा नेहमी लिहिले जाणारे आहेत. तुमच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर कागद खरा. मूत्रपिंड, यकृत, वय, आधीपासून चालू असलेल्या गोळ्या हे सगळं बघून डॉक्टर तो आकडा बदलतात.

मळमळीपासूनच सुरुवात करू. पहिल्या चोवीस तासांतली उलटी मुख्यतः आतड्यातून सुरू होते. कीमोच्या माऱ्याने आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात, ते पोटातून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नसेवरच्या रिसेप्टरना, म्हणजे संदेश पकडणाऱ्या जागांना, चिकटतं आणि संदेश मेंदूकडे जातो. ऑन्डान्सेट्रॉन, ग्रॅनिसेट्रॉन, पॅलोनोसेट्रॉन ही औषधं ते रिसेप्टर अडवतात. ऑन्डान्सेट्रॉनला अमेरिकेत १९९१ मध्ये मंजुरी मिळाली. त्याआधी सिस्प्लॅटिन हे कीमोचं औषध म्हटलं की उलट्या ठरलेल्याच असायच्या.

दुसऱ्या ते पाचव्या दिवसाची उलटी मात्र वेगळ्या वाटेने येते. तिथे मेंदूतच 'सबस्टन्स पी' नावाचं रसायन जास्त काम करत असतं आणि ऑन्डान्सेट्रॉनचा त्याच्यावर फारसा जोर चालत नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी ऑन्डान्सेट्रॉनच्या गोळ्या वाढवल्या तरी मळमळ तशीच राहते आणि वर पोट साफ होईनासं होतं. बद्धकोष्ठ आणि डोकेदुखी हे ऑन्डान्सेट्रॉनचेच नेहमीचे त्रास. ते कीमोच्या खात्यावर टाकले जातात आणि गोळ्या चालूच राहतात. गच्च पोटाने मळमळ आणखी वाढते, ती वेगळीच.

उशिराच्या उलटीवरचं औषध म्हणजे अॅप्रेपिटंट. ते २००३ मध्ये आलं. नेहमीच्या पाकिटात तीन कॅप्सूल असतात, पण तिन्ही सारख्या नसतात. १२५ मिलिग्रॅमची पहिल्या दिवशी कीमोच्या तासभर आधी, मग ८० मिलिग्रॅमची एकेक दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी. घाईत ८० ची आधी घेतली जाते. घरी आल्या आल्या पेनाने १, २, ३ असे आकडे घालून ठेवले की चूक टळते. याच्या जोडीला डेक्सामेथासोन (डेक्सा) हे स्टेरॉइड असतं. अॅप्रेपिटंटमुळे डेक्साची रक्तातली पातळी चढते, म्हणून डेक्साचा डोस आधीच कमी करून लिहिलेला असतो. 'मागच्या वेळी जास्त होतं' म्हणून तो आपल्या मनाने वाढवायचा नाही. डेक्सा सकाळी, खाऊन घ्यायचं. रात्री घेतलं तर माणूस छताकडे बघत पहाट करतो. मधुमेह असेल तर त्या तीन-चार दिवसांत साखर जास्त वेळा तपासावी लागते, कारण ती चढणारच.

चौथं औषध मानसोपचारातून आलं आहे. ओलान्झापिन. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३८० रुग्णांच्या चाचणीत तीन नेहमीच्या औषधांत १० मिलिग्रॅम ओलान्झापिन चार दिवस जोडलं. पहिल्या चोवीस तासांत अजिबात मळमळ न झालेले लोक ४५ टक्क्यांवरून ७४ टक्क्यांवर गेले. अडचण एकच, झोप. दुसऱ्या दिवशी माणूस पेंगत राहतो आणि वयस्कर माणूस बाथरूमला जाताना पडू शकतो. मग जपानमध्ये ५ मिलिग्रॅम, तेही रात्रीच्या जेवणानंतर, असं करून पाहिलं आणि त्याचाही उपयोग झाला. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या २०२४ च्या अभ्यासात २.५ मिलिग्रॅमने १० मिलिग्रॅमइतकंच काम केलं आणि दिवसाची झोप कमी झाली. औषध तेच, फक्त डोस आणि घेण्याची वेळ बदलली. असल्या संशोधनाला मथळे मिळत नाहीत, पण रुग्णाचा आठवडा त्यानेच सुधारतो. याच २.५ मिलिग्रॅमचा आणखी एक उपयोग पुदुच्चेरीच्या जिपमरमध्ये तपासला गेला. पोटाच्या, यकृत-स्वादुपिंडाच्या आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये भूक मेलेल्या रुग्णांना ते बारा आठवडे रोज दिलं, तेव्हा ६० टक्क्यांचं वजन पाच टक्क्यांहून जास्त वाढलं. ज्यांना दिलं नव्हतं त्यांच्यात हा आकडा ९ टक्के होता.

इथे एक सावधगिरी. ओलान्झापिन चालू असताना घरात पडलेली मेटोक्लोप्रमाइडची उलटीवरची गोळी वरून घेऊ नका. दोन्ही मेंदूतलं डोपामिन हे रसायन अडवतात, आणि मान वाकडी होणं, जबडा आवळणं, एका जागी बसवेनासं होणं असे प्रकार होऊ शकतात. मळमळ फुटून बाहेर आलीच तर त्याच जातीची गोळी वाढवत न बसता वेगळ्या जातीचं औषध जोडायचं असतं, आणि कोणतं ते फोन करून विचारायचं.

पहिल्या सायकलला, म्हणजे कीमोच्या पहिल्या फेरीला, उलट्या आवरल्या नाहीत तर पुढे आणखी एक भानगड होते. तिसऱ्या-चौथ्या वेळी दवाखान्याच्या वासानेच उबळ येते, सलाइन लागायच्या आधी. मेंदूने जोडी लावलेली असते. अशा मळमळीवर उलटीच्या नेहमीच्या गोळ्या चालत नाहीत. लोराझेपामसारखं चिंता कमी करणारं औषध किंवा वर्तनोपचार लागतो. ती टाळायचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे पहिल्याच सायकलला कंजुषी न करणं.

आता बर्फ. फाइव्ह-एफयू हे कीमोचं औषध शिरेतून एकदम दिलं तर रक्तात त्याचं प्रमाण दहा-वीस मिनिटांत निम्म्यावर येतं. तेवढ्या वेळात तोंडातल्या रक्तवाहिन्या थंडीने आकसलेल्या असतील तर अस्तरापर्यंत औषध कमी पोचतं आणि नंतर तोंड कमी येतं. कृती अशी: इंजेक्शनच्या पाच मिनिटं आधी बर्फाचा चुरा तोंडात घ्यायचा आणि एकूण तीस मिनिटं तोंड बर्फाने भरलेलं ठेवायचं. तुकडा मोठा असला तर तो एका गालात बसून राहतो आणि दुसरी बाजू कोरडी राहते, म्हणून चुरा. विरघळायला आला की लगेच पुढचा घास. जीभ, हिरड्या, टाळू, गालांच्या आतली बाजू, सगळीकडे फिरवायचा. दहाव्या मिनिटाला दात शिवशिवतात, कपाळात कळ येते आणि बहुतेक जण तिथेच सोडतात. क्षणभर थांबून पुन्हा सुरू करायचं. तीच मिनिटं कामाची असतात. दोन दिवस पंपाने चालणाऱ्या फाइव्ह-एफयूला ही युक्ती लागू नाही, कारण दोन दिवस कोण बर्फ चघळणार.

आणि ऑक्सॅलिप्लॅटिन हे कीमोचं दुसरं औषध चालू असेल तर बर्फ अजिबात नाही. त्या औषधाने थंडीचा स्पर्शच विजेच्या झटक्यासारखा लागतो. थंड घोट घेतला की घसा आवळल्यासारखा होतो, श्वास अडकल्याची भीती वाटते. एकाच खोलीत शेजारच्या खुर्चीवरचा माणूस बर्फ खातो आहे म्हणून आपणही खाल्ला, असं व्हायला नको. दोन्ही औषधं एकाच दिवशी असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बर्फ नाही.

तोंड आलंच तर गुळण्या. एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चहाचा चमचा खायचा सोडा, रोज ताजं. दर दोन-चार तासांनी आणि खाल्ल्यावर प्रत्येक वेळी. दुकानातल्या झोंबणाऱ्या माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं, ते बंद. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक माउथवॉशवर लोकांचा फार विश्वास असतो, पण डोक्या-मानेच्या रेडिएशनमध्ये तोंड येऊ नये म्हणून ते वापरायची शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात नाही. एव्हरोलिमस या कॅन्सरवरच्या गोळीची गोष्ट निराळी. तिथे डेक्सामेथासोनच्या द्रवाच्या गुळण्या पहिल्या दिवसापासून आठ आठवडे करायच्या: १० मिलिलिटर, दोन मिनिटं, दिवसातून चार वेळा, आणि नंतर तासभर खाणंपिणं नाही. २०१७ च्या चाचणीत यामुळे त्रासदायक फोड आलेल्यांचं प्रमाण दोन-अडीच टक्क्यांवर आलं. आधीच्या एका मोठ्या चाचणीत, गुळण्यांशिवाय, ते ३३ टक्के होतं.

ताप. यावर थोडं जास्त बोलायला हवं, कारण इथे घड्याळ मिनिटांचं असतं. बहुतेक कीमोंनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्यांतल्या न्यूट्रोफिल या पेशी रक्ताच्या मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली असतील तर जंतूंशी लढायला शिपाईच नाहीत. पू होत नाही, सूज दिसत नाही, खोकला साधाच वाटतो. ताप हे एकच लक्षण उरतं. एकदा १०१ फॅरनहाइट, म्हणजे ३८.३ सेल्सियस, किंवा तासभर टिकलेला १००.४, म्हणजे ३८ सेल्सियस, एवढं पुरे. मध्यरात्र असली तरी निघायचं. रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून जावा, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

इथे सगळ्यात मोठी चूक पॅरासिटामॉल. गोळी घेतली, ताप उतरला, बरं वाटलं, झोप लागली, आणि जंतू रक्तात वाढत राहिले. आधी मोजा, आकडा लिहा, फोन करा, मग गोळी सांगितली तर घ्या. थर्मामीटर जिभेखाली धरायचा, गरम किंवा थंड काही प्यायल्यावर पंधरा मिनिटं थांबून. तोंड आलेलं असेल तर काखेत, पण काखेतला आकडा थोडा कमीच येतो हे लक्षात ठेवून. गुदद्वारात थर्मामीटर, सपोझिटरी, एनिमा यांतलं काहीही नाही. तिथे पडलेल्या लहानशा चिरेतूनही जंतू रक्तात शिरतात. डेक्सा चालू असेल तर ताप चढेलच असं नाही, म्हणून नुसती हुडहुडी भरली तरी ती तापातच मोजायची. अपघात विभागात गेल्यावर पहिलं वाक्य 'ताप आलाय' हे नको. 'कीमो चालू आहे, अमुक तारखेला झाली, आता ताप आहे' हे हवं. नुसत्या तापाला रांगेत बसवतात.

काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींची संख्या, वाढवायच्या इंजेक्शनचंही गणित वेळेचंच. फिलग्रॅस्टिम रोज, पेगफिलग्रॅस्टिम सायकलला एकदाच, ६ मिलिग्रॅम. कीमो संपल्यावर किमान २४ तास जाऊ द्यायचे. 'आजच देऊन टाका, उद्या पुन्हा कोण येणार' असं म्हणावंसं वाटतं, पण हे इंजेक्शन अस्थिमज्जेतल्या पेशींना भराभर विभागायला लावतं, आणि विभागणाऱ्या पेशी मारणं हेच कीमोचं काम. कीमोचं औषध अजून रक्तात फिरत असताना त्या पेशी जाग्या करणं म्हणजे त्यांना नेमबाजासमोर उभं करणं. नंतर दोन-तीन दिवस कंबर, मांड्या, छातीचं हाड ठणकतं. मज्जा कामाला लागल्याची ती खूण. नॅप्रोक्सेनने हे दुखणं कमी होतं असं चाचणीत दिसलं आहे, पण मूत्रपिंड आणि प्लेटलेट बरे असतील तरच.

पथ्याबद्दल एकच. कच्चं काही खायचं नाही अशी कडक पथ्यं चाचण्यांत तपासली गेली आणि त्याने जंतुसंसर्ग कमी झाला असं दिसलं नाही. फळं-भाज्या नीट धुतलेल्या, मांस-अंडी पूर्ण शिजलेली, दूध पाश्चराइज केलेलं, हात धुतलेले. एवढं पाळलं की पुरतं. खाण्यावर बंदी घालून घरचे लोक अनेकदा वजन तेवढं उतरवतात.

जुलाबांच्या बाबतीत आधी विचारायचं ते हे, की उपचार कोणता. एकच लक्षण तीन औषधांत तीन वेगळे रोग असतं.

इरिनोटेकॅन या कीमोच्या औषधाचे जुलाब दोन वेळा येतात. सलाइन चालू असताना किंवा त्याच दिवशी, घाम, लाळ, पोटात पिळा यांसकट येतात त्यांना अॅट्रोपिन. दुसऱ्या दिवसानंतर येतात ते औषधाच्या विघटनातून आतड्यात उतरलेल्या विषारी अंशामुळे. त्यावर लोपेरामाइड ही जुलाब थांबवणारी गोळी, आणि तेही नेहमीच्या हिशेबाने नाही. पहिला पातळ संडास होताच ४ मिलिग्रॅम, मग दर दोन तासांनी २, रात्री दर चार तासांनी ४, आणि सलग बारा तास जुलाब न होईपर्यंत हेच. गोळीच्या पाकिटावर लिहिलेल्या दिवसाच्या मर्यादेपेक्षा हे जास्त होतं. म्हणून हा हिशेब डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेला असावा, आणि गोळ्या आधीच घरात असाव्यात. रात्री दोन वाजता दुकान शोधत फिरायचं नसतं. चोवीस तासांत थांबलं नाही, ताप आला किंवा रक्त दिसलं तर घरचा उपाय संपला.

कॅपेसिटाबिन आणि फाइव्ह-एफयू या कीमोच्या औषधांच्या बाबतीत काही लोकांमध्ये औषध मोडणारं डीपीडी हे एन्झाइम जन्मतःच कमी असतं. त्यांना पहिल्याच सायकलमध्ये भयंकर जुलाब, तोंड येणं आणि काउंट कोसळणं एकत्र होतं. युरोपच्या औषध संस्थेने २०२० मध्ये उपचाराआधी याची तपासणी करायची शिफारस केली. रक्ताची एक तपासणी, आणि डोस आधीच कमी करता येतो. पहिला डोस पडण्याआधी 'डीपीडीची तपासणी झाली का' हे विचारायला लाजू नये. कॅपेसिटाबिनची गोळी चालू असताना दिवसाला नेहमीपेक्षा किमान चार वेळा जास्त जावं लागलं तर पुढची गोळी थांबवून फोन करायचा. 'कोर्स मोडायला नको' म्हणून लोक रेटत राहतात आणि गोष्ट हाताबाहेर जाते.

तिसरा प्रकार इम्युनोथेरपीचा. निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब, इपिलिमुमॅब ही औषधं प्रतिकारशक्तीचे ब्रेक काढतात. सुटलेली प्रतिकारशक्ती आतड्यावरच चालून गेली की जे होतं ते मोठ्या आतड्याची सूज असते. इथे लोपेरामाइडने संडास कमी होतात आणि आतली आग तशीच धुमसते. उपाय स्टेरॉइड. शरीराच्या किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, आणि बरं वाटल्यावर चार-सहा आठवड्यांत हळूहळू उतरवत न्यायचं. पंधरा दिवसांत 'आता ठीक आहे' म्हणून सोडलं की आग पुन्हा भडकते. स्टेरॉइडने दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा व्हेडोलिझुमॅब या प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधांचा विचार होतो, म्हणून वाट बघायलाही मर्यादा आहे.

काही घड्याळं रुग्णालयाच्या हातात असतात, पण घरच्यांनी ती ओळखावीत. आयफॉस्फमाइड या कीमोच्या औषधातून तयार होणारं अॅक्रोलिन मूत्राशयाचं अस्तर जाळतं. त्याला पकडणारं मेस्ना सुरुवातीला, मग चौथ्या आणि आठव्या तासाला देतात. नंतरचा डोस घरी गोळीने घ्यायचा असेल आणि विसरला तर लघवीतून रक्त येऊ शकतं. जास्त डोसच्या मेथोट्रेक्सेट या कीमोच्या औषधानंतर ल्युकोव्होरिन हा त्याचा उतारा साधारण चोवीस तासांनी सुरू होतं आणि रक्तातली मेथोट्रेक्सेटची पातळी ठरलेल्या आकड्याखाली येईपर्यंत थांबत नाही. त्या दिवसांत अॅसिडिटीची गोळी, अंगदुखीची गोळी, को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक यांतलं काही चालू असेल तर आधीच सांगायचं, कारण त्यांनी मेथोट्रेक्सेट शरीरातून बाहेर पडायला उशीर होतो.

या सगळ्यांत मला सर्वांत देखणं वाटतं ते सोडियम थायोसल्फेटचं काम. सिस्प्लॅटिनने लहान मुलांचे कान जातात, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. थायोसल्फेट सिस्प्लॅटिनला निष्प्रभ करतं. पण लगेच दिलं तर गाठीवरचा परिणामही जाईल. म्हणून सहा तास थांबायचं. तोवर सिस्प्लॅटिनने गाठीवरचं काम बरंचसं उरकलेलं असतं. यकृताच्या गाठीच्या मुलांवरची चाचणी २०१८ मध्ये छापून आली: श्रवणदोष ६३ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर, आणि कॅन्सरच्या उपचारात तोटा दिसला नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये मंजुरी मिळाली, ती शरीरात इतरत्र न पसरलेल्या गाठींसाठी. सहा तासांचं महत्त्व यापेक्षा स्पष्ट कुठे दिसत नाही.

हातापायांच्या मुंग्यांबद्दल बातमी तितकी चांगली नाही. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन नसा बधिर करतात आणि झालेलं नुकसान भरून काढणारं औषध नाही. जळजळ-वेदना असेल तर ड्युलोक्सेटिन, पहिला आठवडा ३० मिलिग्रॅम, मग ६०. एवढ्याच औषधाच्या बाजूने बऱ्यापैकी पुरावा आहे. तेही वेदनेवर, बधिरपणावर जेमतेम. स्तनाच्या कॅन्सरवरचं टॅमॉक्सिफेन चालू असेल तर सांगायचं, कारण ड्युलोक्सेटिनने टॅमॉक्सिफेनचं सक्रिय रूप बनायला अडथळा येतो. एकदम बंदही करायचं नाही, चक्कर आणि बेचैनी येते.

'नसांसाठी काहीतरी' म्हणून घेतल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांचं काय होतं ते अॅसिटिल-एल-कार्निटिनने दाखवलं. नसा वाचतील या आशेने टॅक्सेन, म्हणजे पॅक्लिटॅक्सेलच्या गटातली औषधं, घेणाऱ्या ४०९ स्त्रियांवर चाचणी केली. चोवीस आठवड्यांनी ज्यांना ते दिलं होतं त्यांच्या नसा जास्त बिघडलेल्या निघाल्या. औषध नसलेली, नुसती दिखाव्याची गोळी घेणाऱ्या बऱ्या होत्या. ही चाचणी झाली नसती तर ती गोळी आजही सर्रास लिहिली गेली असती.

म्हणून नसांच्या बाबतीत हत्यार एकच उरतं, वेळेवर सांगणं. शर्टाचं बटण लावताना बोटं चुकतात का, हातातून पेन निसटतो का, चप्पल पायातून निघाली ते कळलं का? हे दर भेटीत सांगा, विचारलं नाही तरी. डोस कमी करायचा किंवा औषध बदलायचं याचा निर्णय यावरूनच होतो. 'डॉक्टर डोस कमी करतील' या भीतीने लपवणारे पुष्कळ आहेत. पॅक्लिटॅक्सेलच्या वेळी गोठवलेले हातमोजे-मोजे घालण्याच्या चाचण्यांत फायदा दिसला आहे: पंधरा मिनिटं आधी, औषध चालू असताना आणि नंतर पंधरा मिनिटं. ऑक्सॅलिप्लॅटिनला अर्थातच नाही.

त्वचेचं थोडक्यात. कॅपेसिटाबिनने तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात. दिल्लीच्या एम्समधल्या २६४ रुग्णांच्या चाचणीत १ टक्का डायक्लोफिनॅक जेल दिवसातून दोनदा हातांना लावलं, तेव्हा जास्त त्रास झालेले १५ टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. १० टक्के युरियाचं क्रीम पहिल्या दिवसापासून. बी-६ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर वर्षानुवर्षं खर्च झाला, चाचण्यांत उपयोग दिसला नाही. पॅनिट्युमुमॅबसारख्या औषधांनी चेहरा-छातीवर मुरमांसारखं पुरळ येतं. ते येण्याची वाट न बघता आदल्या दिवसापासून डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दोनदा, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि सौम्य हायड्रोकॉर्टिसोन सुरू केलेल्यांत त्रासदायक पुरळ २९ टक्के, वाट बघणाऱ्यांत ६२. मुरमांची झोंबणारी क्रीम त्यावर लावू नयेत, ती मुरमं नव्हेत.

केसांसाठी थंड टोपी कीमोच्या अर्धा तास आधी चढवतात आणि संपल्यावरही तासभर किंवा जास्त ठेवतात. २०१७ च्या चाचणीत टोपी घातलेल्यांपैकी साधारण निम्म्या स्त्रियांचे केस बऱ्यापैकी टिकले, न घातलेल्यांपैकी एकीचेही नाही. डॉक्सोरुबिसिनच्या गटात यश कमी, टॅक्सेनला जास्त. रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरत नाहीत.

थकव्याला गोळी नाही. ११३ चाचण्या एकत्र करून २०१७ मध्ये पाहिलं तेव्हा व्यायाम आणि मानसिक उपचार औषधांपेक्षा सरस ठरले. झोपून राहिल्याने थकवा वाढतो हे सांगितलं की लोक रागावतात, आणि राग रास्त आहे. सुरुवात दहा मिनिटं चालण्याने करायची, दिवसातून दोनदा. त्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यायचं, नाहीतर ज्याला रक्त हवं त्याला आपण फिरायला पाठवू.

आता लक्षणं नोंदवायची वही. २०१७ च्या एका अमेरिकन अभ्यासात ७६६ रुग्ण होते. एका गटाने आपली बारा लक्षणं नियमित टॅब्लेटवर किंवा घरून संगणकावर नोंदवली आणि बिघाड दिसला की नर्सला सूचना जात असे. दुसऱ्या गटाची देखभाल नेहमीसारखी. नोंदवणाऱ्यांपैकी निम्मे रुग्ण ३१.२ महिन्यांहून जास्त जगले, बाकीच्यांपैकी निम्मे २६ महिन्यांहून. त्यांना कॅन्सरवरचं कोणतं वेगळं औषध दिलेलं नव्हतं. वहीत आकडे हवेत: तापमान किती, संडास नेहमीपेक्षा किती जास्त, उलट्या किती, पाणी किती पोटात राहिलं, वजन किती. 'खूप त्रास झाला' यावरून डॉक्टरला काही ठरवता येत नाही. जुलाबांची प्रतवारीच अशी आहे की नेहमीपेक्षा चारच्या आत जास्त ती पहिली, चार ते सहा दुसरी, सात किंवा जास्त तिसरी, आणि दुसरी-तिसरीवर औषध थांबवायचं की नाही ते ठरतं. मॉर्फिन किंवा ट्रॅमाडॉल चालू असेल तर शौचाचा रकाना वेगळा ठेवा. त्या गोळ्यांबरोबर पहिल्या दिवसापासून सेन्नासारखं रेचक लागतं. पाणी कमी पडत असताना इसबगोल घेतलं तर आत गोळाच होतो.

काही घड्याळं शेवटच्या सलाइननंतरही चालू राहतात. ऑक्सॅलिप्लॅटिन थांबल्यावर मुंग्या दोन-तीन महिने वाढत जाऊ शकतात. औषध बंद केलं तरी वाढतंय म्हणजे काहीतरी नवीन झालं, असं नसतं. झोलेड्रोनिक अॅसिड किंवा डेनोसुमॅब ही हाडांसाठीची औषधं चालू असताना दात काढायचा असेल तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायचं, जबड्याचं हाड मरू शकतं. इम्युनोथेरपीचा दुष्परिणाम शेवटच्या डोसनंतर कित्येक महिन्यांनीही उगवतो: थायरॉइड मंदावणं, धाप लागणं, अचानक चढलेली साखर, मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी बिघडल्याने येणारी डोकेदुखी आणि गळून गेलेलं अंग. तेव्हा माणूस जवळच्या दुसऱ्याच डॉक्टरकडे जातो आणि 'उपचार संपलेत' एवढंच सांगतो. औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख लिहिलेला कागद पाकिटात ठेवलेला असला, तर त्या डॉक्टरला कॉर्टिसॉल आणि टीएसएच ही हार्मोन तपासायचं सुचतं.